हसताना गुडघे ढिले पडतात का, हे एकदा विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्गात रोज झोपणारे लेकरू आळशी ठरते. मैत्रिणींत हसता हसता मटकन खाली बसणाऱ्या मुलीला फिटची गोळी सुरू होते. पहाटे छातीवर कुणीतरी बसले होते असे सांगणाऱ्या तरुणाला घरचे देवऋषीकडे नेतात. या तिघांचा आजार एकच असू शकतो, आणि पुष्कळदा हे तिन्ही प्रकार एकाच माणसाच्या वाट्याला आलेले असतात. त्या आजाराचे नाव नार्कोलेप्सी. २२ सप्टेंबर हा जागतिक नार्कोलेप्सी दिन आहे. मेंदूविकार आणि झोपेच्या तपासण्या या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही डॉक्टर व तंत्रज्ञ त्या निमित्ताने हे पत्र लिहीत आहोत. हा आजार हेरायला यंत्राच्या आधी नेमके प्रश्न लागतात. ते प्रश्न आईवडील, शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि गावातले डॉक्टरही विचारू शकतात.

पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार साधारण दोन ते चार हजार माणसांमागे एकाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख होती. तेच प्रमाण इथे लावले तर आकडा ४,७०० ते ९,३०० च्या घरात जातो. हा नुसता हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण आठ जिल्ह्यांत एवढी माणसे असतील तर ती दिसत का नाहीत, हा प्रश्न पडायला तो पुरेसा आहे. आमच्या मते ती दिसतात, फक्त वेगळ्या नावाने: मागच्या बाकावरचा झोपाळू, गोळ्या चालू असूनही 'फिट' न थांबणारी, 'बाहेरचं' झालेला.

आजार बहुतेकदा दहा ते पंचवीस या वयात सुरू होतो. पंधराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक, आणि पस्तिशीच्या सुमारास दुसरा, लहान गट. परदेशांतही सुरुवात आणि निदान यांत आठ ते पंधरा वर्षे जातात. म्हणजे दहावीत सुरू झालेले दुखणे पंचविशीत कळते. तोवर दहावी, बारावी, नीट, पहिली नोकरी, कधी कधी लग्नसुद्धा उरकलेले असते, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर त्या माणसाने 'झोपाळू', 'बेजबाबदार' हे शब्द ऐकलेले असतात.

मुळात बिघडते काय? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या सुमारे सत्तर हजार पेशी ओरेक्सिन नावाचे रसायन तयार करतात. त्यालाच हायपोक्रेटिन असेही म्हणतात. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ते जवळपास एकाच वेळी शोधले, म्हणून नावे दोन. जाग टिकवून धरणे हे त्याचे काम. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात यांतील ८५ ते ९५ टक्के पेशी नष्ट झालेल्या असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते, असे आजवरचे पुरावे सुचवतात. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर चीनमध्ये नवे रुग्ण वाढले, आणि फिनलंड-स्वीडनमध्ये त्या वेळी वापरलेल्या पँडेमरिक्स या विशिष्ट लसीनंतरही वाढले. त्या अनुभवातून हा संबंध ठळक झाला. आपल्याकडच्या बालकांच्या नेहमीच्या लसीकरणाशी याचा संबंध जोडून कुणी लस टाळू नये.

ओरेक्सिन नसले की झोप आणि जाग यांच्यामधली सीमा कच्ची होते. दाब कमी असताना शेतातली मोटार जशी सारखी ट्रिप होते आणि पुन्हा उचलते, तसा मेंदू दिवसा झोपेत घसरतो आणि रात्री जागेत. निरोगी माणसाला झोप लागल्यावर स्वप्नांची झोप यायला साधारण ९० मिनिटे लागतात. या रुग्णांना ती बऱ्याचदा पंधरा मिनिटांच्या आतच येते. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू मुद्दाम ढिले करतो, नाहीतर आपण स्वप्नातल्या हालचाली खरोखर करू लागलो असतो. हा ढिलेपणा आणि ही स्वप्ने जागेपणी घुसली की आजाराची विचित्र वाटणारी लक्षणे तयार होतात. हे एवढे लक्षात राहिले तर पुढचे सगळे आपोआप उलगडते.

पहिले लक्षण दिवसाची अनावर झोप. रात्री सात-आठ तास झोपूनही ती येते, रोज येते आणि किमान तीन महिने टिकून असते. दुपारच्या भाकरीनंतर येणारी पेंग सगळ्यांच्याच ओळखीची आहे; ही झोप सकाळच्या दुसऱ्या तासाला, जेवताना, बोलता बोलता, एसटीच्या रांगेत उभे असतानाही गाठते. खास गोष्ट अशी की पंधरा-वीस मिनिटांची डुलकी घेतली की माणूस ताजातवाना होतो, तास-दोन तास बरे जातात आणि पुन्हा तेच. नैराश्यात एवढ्याशा डुलकीने सहसा असे होत नाही. त्या छोट्या डुलकीतही स्वप्न पडले का, हे जरूर विचारा. 'हो, लगेच पडतं' हे उत्तर मोलाचे आहे.

शिक्षकांसाठी याहून सोपी खूण वहीत सापडते. झोप आली तरी हात लिहीत राहतो. ओळ नीट सुरू होते, मग अक्षर वाकडे होते, रेघ सोडून खाली उतरते, मध्येच संबंध नसलेला शब्द येतो आणि शेवटी नुसती वेडीवाकडी रेघ. दोन-चार ओळींनंतर पुन्हा सुवाच्य अक्षर. विद्यार्थ्याला यातले काही आठवत नाही. असेच माणूस भाजीत दोनदा मीठ घालतो, चहाचे आधण उतू जाईपर्यंत समोर उभा राहतो, दुचाकी चालवत नेहमीच्या फाट्याच्या पुढे निघून जातो. महिनाभराच्या वह्या चाळल्या आणि प्रत्येक विषयात असे घसरलेले अक्षर दिसले, तर पालकांना बोलावताना ती वही समोर ठेवा. प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यापेक्षा डॉक्टरांना तिचा उपयोग जास्त होतो.

दुसऱ्या लक्षणावर आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण तेच सर्वांत नेमके आहे आणि तेच सर्वांत जास्त चुकते. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. भावना उसळली की स्नायूंतली ताकद क्षणात जाते. खळखळून हसणे हे सर्वांत मोठे निमित्त. त्यातही स्वतः विनोद सांगताना, शेवटचे वाक्य ओठांवर असताना. कबड्डीत पकड साधली तो क्षण, जुना मित्र अचानक भेटला तो क्षण, लेकरावर रागावून हात उगारला तो क्षण, हीसुद्धा निमित्ते होतात. प्रत्येक वेळी माणूस कोसळतोच असे नाही. बहुतेक झटके अर्धवट असतात: जबडा सैल पडतो, बोबडी वळते, पापण्या मिटतात, मान पुढे झुकते, हातातला पेला निसटतो, गुडघे लचकतात. झटका काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत टिकतो आणि ताकद जशी गेली तशी पूर्ण परत येते. या सगळ्या वेळात माणूस शुद्धीवर असतो. त्याला सगळे ऐकू येते, फक्त उत्तर देता येत नाही.

फिट आणि हा झटका यांतला फरक इथेच आहे. मोठ्या फिटमध्ये शुद्ध हरपते, अंग ताठ होऊन झटके येतात, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होऊ शकते आणि नंतर काही वेळ माणूस गोंधळलेला, थकलेला असतो. कॅटाप्लेक्सीत अंग ताठ न होता लुळे पडते, जीभ चावली जात नाही, आणि उठल्यावर माणूस मधल्या वेळात कोण काय बोलले ते सांगू शकतो. म्हणून झटका संपल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: 'आम्ही आत्ता काय बोलत होतो?' बरोबर उत्तर आले तर ते कागदावर लिहून ठेवा. शक्य असेल तर मोबाईलवर चित्रीकरण करा, चेहरा आणि गुडघे दोन्ही दिसतील असे. दवाखान्यात झटका मुद्दाम आणता येत नाही. तीस सेकंदांचा असा व्हिडिओ अनेकदा हजारो रुपयांच्या तपासण्यांहून जास्त सांगतो. मात्र तो घरचा आणि डॉक्टरांचाच राहू द्या, गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

झटका आल्यावर काय करायचे? डोके आपटणार नाही एवढे सांभाळा, चुलीपासून, रस्त्यापासून, पाण्यापासून बाजूला घ्या आणि शांतपणे बोलत राहा. कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात पाणी, चमचा, बोट काहीही घालू नका. तोंडावर पाणी मारू नका. आणि भोवती जमलेल्यांनी 'नाटक करतीय' असे म्हणू नये. तिला ते ऐकू येत असते.

लहान मुलांत चित्र वेगळे असते. आजार नुकताच सुरू झालेला असताना हसण्याचे निमित्त नसतानाही चेहरा सैल पडतो, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, तोंड उघडे, जीभ बाहेर येते, चाल डगमगते. पेंगण्याऐवजी ही मुले चिडचिडी आणि चंचल होतात, म्हणून कधी त्यांच्यावर भलताच शिक्का बसतो. जोडीला काही महिन्यांत वजन झपाट्याने वाढते. खाणे फारसे न वाढता पोराचे कपडे चार महिन्यांत तंग झाले आणि त्याच काळात ते दिवसा पुन्हा झोपू लागले, तर या दोन गोष्टी एकत्र डॉक्टरांना सांगा. पालक दोन्ही सांगतात, पण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या डॉक्टरांना.

तिसरे लक्षण म्हणजे झोप लागताना किंवा उठताना अंग जखडणे. डोळे उघडे, खोली दिसते, पण बोटही हलत नाही, हाक फुटत नाही, छातीवर ओझे असते. सोबत भास होतात: दारात कुणी उभे आहे, कुणी गळा दाबतेय, अंगावर काही सरपटतेय. हे स्वप्नच असते, जागेपणी आलेले. कुणी नावाने हाक मारली किंवा खांद्याला हात लावला की ते बहुधा तिथेच सुटते. अधूनमधून असे होणे निरोगी माणसांतही आढळते, म्हणून एवढ्यावरून कुणी घाबरून जाऊ नये. दिवसाच्या अनावर झोपेसोबत वरचेवर होत असेल तरच त्याला अर्थ आहे. पण या भासांपायी माणसाला भूतबाधा झाल्याचे सांगून बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. दुसऱ्या टोकाला, हेच भास ऐकून स्किझोफ्रेनियाची औषधे सुरू होण्याची चूकही होते. फरक वेळेचा आहे. नार्कोलेप्सीचे भास झोपेच्या उंबरठ्यावर येतात, आणि पूर्ण जाग आल्यावर 'ते खरं नव्हतं' हे रुग्णाला कळते.

रात्रीची झोप तुटक असते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. पडल्या पडल्या झोप लागते, पण रात्रीतून अनेकदा जाग येते. म्हणून 'दिवसा झोपतो म्हणून रात्री झोप येत नाही' हे घरातले अनुमान इथे उलटे असू शकते. प्रत्येक रुग्णात सगळी लक्षणे नसतात. कॅटाप्लेक्सी असलेला पहिला प्रकार, नसलेला दुसरा. दुसरा ओळखणे बरेच अवघड.

आता सावधगिरीची बाजू. दिवसा झोप येणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना नार्कोलेप्सी नसते. मराठवाड्यात तर झोप कमी पडण्याची कारणे पावलोपावली आहेत. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या शिकवण्यांत आणि अभ्यासिकांत रात्री बारापर्यंत बसून पहाटे पाचला उठणारी मुले आहेत. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते; पाच तासांवर कुणाचाही मेंदू दिवसा पेंगणारच. रात्रीच्या विजेवर वावराला पाणी देणारे शेतकरी आहेत. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेपासून कोयता चालवून रात्री-बेरात्री ट्रक भरणारी जोडपी आहेत. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींत दर आठवड्याला पाळी बदलणारे कामगार आहेत. म्हणून पहिला उपाय औषध नाही, पहिला उपाय वही. चौदा दिवस रोज लिहा: किती वाजता पडलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो, दिवसा किती डुलक्या, चहा किती, कोणत्या गोळ्या. शक्य असेल तर सुट्टीत हे करा आणि रोज किमान आठ तास झोपू द्या. दोन आठवडे पोटभर झोपून झोपाळूपणा गेला तर आजार झोपेच्या उधारीचा होता. गेला नाही तर पुढे जायचे.

पुढे जाताना आधी तालुक्याच्या ठिकाणीच होतील अशा तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन पाहा, प्रौढ स्त्रीत १२ आणि पुरुषात १३ ग्रॅमच्या खाली ते कमीच आहे, आणि रक्तक्षयाचा थकवा आपल्याकडे घरोघरी आहे. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकून दचकणे असेल तर स्लीप ॲप्नियाचा विचार आधी. सर्दी-खाजेची सेट्रिझिन, क्लोरफेनिरामिन यांसारखी औषधे, फिटच्या आणि झोपेच्या गोळ्या, दारू यांची नोंद करा. झोपाळूपणा मोजायला एपवर्थ नावाची प्रश्नावली वापरतात. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत बसल्यावर, तासभर गाडीत प्रवासी म्हणून, दुपारी आडवे झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, मद्य न घेता जेवणानंतर शांत बसल्यावर आणि वाहतुकीत गाडी काही मिनिटे थांबल्यावर, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण. एकूण २४. दहाच्या वर गेले तर झोपाळूपणा जास्त आहे, एवढेच त्यातून ठरते. आजार कोणता ते नाही.

नेमके निदान दोन भागांच्या तपासणीने होते, आणि तिथेच पैसे वाया जाताना दिसतात. पहिला भाग रात्रभराचा: डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर तारा लावून झोपेचे आलेखन, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. दुसरा भाग दुसऱ्या दिवशी, एमएसएलटी, म्हणजे दिवसाच्या डुलक्यांची तपासणी. त्यात दर दोन तासांनी पाच वेळा अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी देतात, उदाहरणार्थ सकाळी ९, ११, दुपारी १, ३ आणि ५ वाजता. दर वेळी २० मिनिटे. झोप लागायला सरासरी आठ मिनिटे किंवा कमी लागली, आणि किमान दोन वेळा पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची झोप आली, तर निकाल नार्कोलेप्सीच्या बाजूने. आदल्या रात्री ती तशी लवकर आली असेल तर त्यातली एक तीही धरतात. नाव नोंदवण्याआधी केंद्राला एकच विचारा: 'रात्रीच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी पाच डुलक्यांची एमएसएलटी करता का?' घरी नेऊन लावायचे छोटे यंत्र किंवा फक्त रात्रीची तपासणी ही श्वास अडकतो का हे पाहण्यासाठी असते. तिचा अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून नार्कोलेप्सी नाही असे ठरत नाही.

ही तपासणी चुकते ती बहुधा तयारीत. आधीचे एक-दोन आठवडे रोज किमान सात तास झोप हवी, आणि तपासणीच्या रात्री किमान सहा तास झोप नोंदली जायला हवी. नाहीतर झोपेला भुकेलेला निरोगी मेंदूही तसाच निकाल देतो. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात, रात्रपाळीच्या आठवड्यात, ऊसतोडीवरून परतल्या परतल्या ती करू नये. उलट बाजूने, नैराश्याच्या काही गोळ्या स्वप्नांची झोप दाबतात आणि खरा आजारही निसटतो. अशा गोळ्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, फ्लुऑक्सेटिन त्याहून बऱ्याच आधी. पण हे डॉक्टरांनीच ठरवायचे. स्वतः एकदम बंद केल्यास कॅटाप्लेक्सीचे झटके एकामागून एक येऊ शकतात, आणि नैराश्य बळावते ते वेगळेच. तपासणीच्या दिवशी चहा-कॉफी नाही, डुलकीच्या आधी अर्धा तास विडी-तंबाखू नाही, दोन डुलक्यांच्या मध्ये पलंगावर आडवे व्हायचे नाही. सोबत आलेल्या माणसाने रुग्णाला या मधल्या वेळात झोपू द्यायचे नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. लेकराची दया येऊन 'झोपू द्या थोडं' म्हटले जाते आणि पूर्ण दिवस फुकट जातो.

रक्तातून होणारी एचएलए, म्हणजे प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांची, तपासणी एकटी निदान करत नाही. पहिल्या प्रकारच्या बहुतेक रुग्णांत त्यांतला एक ठरावीक जनुकीय प्रकार असतो खरा, पण तो निरोगी माणसांतही सर्रास सापडतो.

हा आजार बरा करणारे औषध आज नाही, पण त्यासह शिकता येते, कमावता येते, संसार करता येतो. उपचाराचा निम्मा भाग वेळापत्रकाचा आहे. रात्री ठरलेल्या वेळी झोपणे, सुट्टीतही तीच वेळ, आणि दिवसात एक ते तीन ठरवून घेतलेल्या डुलक्या, प्रत्येकी १५ ते २० मिनिटांच्या, झोप अनावर होण्याच्या आधी. दुपारी एका बैठकीत भरपेट भात-पोळी खाण्याऐवजी थोडे थोडे खाल्ले तर पेंग कमी येते. दिवसाच्या झोपेसाठी मोडाफिनिल हे नेहमीचे औषध. साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम सकाळी, गरजेनुसार जास्तीत जास्त ४०० पर्यंत, त्यातला दुसरा भाग दुपारच्या आतच, नाहीतर रात्रीची झोप जाते. डोकेदुखी, मळमळ सुरुवातीला होते. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी तिथल्या तिथे थांबवून डॉक्टर गाठायचे. स्त्रियांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, जी चिठ्ठी देताना राहून जाते: मोडाफिनिलमुळे माला-एनसारख्या संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम घटतो, औषध थांबवल्यावरही महिनाभर. या काळात तांबी किंवा निरोध हा पर्याय, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणे. कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिन, फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही मुळात नैराश्याची औषधे वापरतात, कारण ती स्वप्नांची झोप दाबतात. ती चिठ्ठीवर दिसली म्हणून घरच्यांनी 'डोक्यावर परिणाम झाला' असे समजू नये. आणि रात्र जागून अभ्यास करण्यासाठी निरोगी विद्यार्थ्यांनी मोडाफिनिल घेणे हा शुद्ध धोका आहे. झोपेची उधारी त्याने फिटत नाही.

मराठवाड्यापुरती एक बाब. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवते. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते रुजवले. हेच औषध कॅटाप्लेक्सी वाढवू शकते. म्हणून नार्कोलेप्सीच्या रुग्णाला विंचू चावला तर प्राझोसिन नाकारायचे नाही, दंशाचा धोका फार मोठा आहे. पण आजाराची माहिती तिथेच द्या, म्हणजे रुग्ण लुळा पडला तर तो विषाचा परिणाम की कॅटाप्लेक्सी हे डॉक्टरांना ठरवता येईल. रक्तदाबासाठी रोज प्राझोसिन घेत असाल तर बदलाबद्दल विचारा.

सुरक्षेची कामे आजच करता येण्यासारखी आहेत. उन्हाळ्यात विहिरीत पोहणे म्हणजे हसणे, ओरडणे आणि खोल पाणी एकत्र. कॅटाप्लेक्सी असलेल्याने ते टाळावे, सोबत कुणी असले तरी. बिनकठड्याच्या विहिरीवर, कडबाकुट्टीवर, मळणीयंत्रावर, माळवदाच्या काठावर एकट्याने काम नको. चुलीपुढे बसणाऱ्या बाईसाठी दुसरे माणूस जवळ असावे. झोप आणि झटके उपचाराने आटोक्यात आल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर, ट्रक चालवू नये. वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये, तुमच्या वाहन चालवण्याने लोकांना धोका होईल असा आजार आहे का, हा प्रश्न असतो. तिथे खरे लिहा.

लग्नाच्या भीतीने हे दुखणे लपवले जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: आईला किंवा वडिलांना पहिल्या प्रकारची नार्कोलेप्सी असली तर मुलाला ती होण्याची शक्यता एक ते दोन टक्के आहे. बाकीच्या ९८-९९ टक्क्यांना होत नाही.

शेवटी आमची मागणी. राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर आणि लातूर या दोन्ही विभागीय मंडळांनी, निदान झालेल्या विद्यार्थ्याला तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर पेपरच्या मध्ये वीस मिनिटांची देखरेखीखालची डुलकी आणि तेवढाच वाढीव वेळ द्यावा. नीटसारखी परीक्षा दुपारी दोनला सुरू होते, म्हणजे या मुलांच्या सर्वांत वाईट वेळी. तिथेही हीच सवलत हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नार्कोलेप्सीचे नाव नाही. मात्र मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांचा प्रकार त्यात आहे, आणि तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन ही नावे उदाहरणादाखल दिली आहेत. त्या प्रकारात नार्कोलेप्सी घ्यावी, यासाठी मराठवाड्यातल्या लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा करावा. आणि संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर व नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी किमान एका ठिकाणी रात्रीची तपासणी आणि एमएसएलटी जोडून, ठरलेल्या वारी आणि सरकारी दरात, नियमित सुरू राहील अशी व्यवस्था करावी. त्यासाठी एक शांत अंधारी खोली, आलेखन यंत्र, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि अहवाल वाचणारा डॉक्टर लागतो. खोलीची वीज मात्र रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जाता कामा नये.

फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊनही ज्यांचे झटके थांबलेले नाहीत, ज्यांचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आहे आणि ज्यांना झटक्यात सगळे ऐकू येते, त्यांनी हे पत्र कापून पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवावे. तोपर्यंत चालू असलेली एकही गोळी स्वतःहून बंद करू नये.

आपले,
मेंदूविकार व निद्राविकार क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ,
मराठवाडा